टॉवरलाइनखाली ट्यूब पेटते, मग पंप का चालत नाही?

अंधार पडल्यावर ४०० केव्हीच्या टॉवरलाइनखाली उभं राहून साधी ट्यूबलाइट हातात उभी धरली, तर ती मंद उजळते. वायर नाही, चोक नाही, स्टार्टर नाही. याचे व्हिडिओ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिले असतील. २००४ साली रिचर्ड बॉक्स नावाच्या ब्रिटिश कलाकाराने ब्रिस्टलजवळच्या एका शेतात, वीजवाहिनीच्या खाली, १,३०१ ट्यूब जमिनीत रोवून ठेवल्या होत्या. संध्याकाळ झाली की ते सगळं शेत आपोआप उजळायचं. हे गृहस्थ तेव्हा ब्रिस्टल विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात निवासी कलाकार होते, त्यामुळे कल्पना कुठून आली हे वेगळं सांगायला नको.

असा व्हिडिओ पाहिला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग लाइनखाली मोठी कॉइल ठेवून, हात न लावता, वीज घेता येईल का? फॅरडेचा नियम तर बारावीलाच शिकवतात. बदलतं चुंबकीय क्षेत्र आहे, कॉइल आहे, मग विद्युतदाब निर्माण होणारच. आणि देशात वीजचोरी एवढी होते म्हणतात, ती अशी होत असेल का?

संशोधनाच्या मुलाखतीला जाणाऱ्यांनी या प्रश्नाकडे जरा गंभीरपणे बघावं असं मला वाटतं. त्याचं उत्तर "होतं" किंवा "होत नाही" यात नाही, "किती" यात आहे. आणि ते "किती" पाठकोऱ्या कागदावर दहा मिनिटांत काढता येतं. मुलाखतीत समितीला बघायचं असतं ते बहुतेक वेळा हेच: आकडा समोर नसताना हा विद्यार्थी आकड्यापर्यंत पोहोचतो का.

आधी एक घोळ मिटवू. ट्यूब पेटते ती चुंबकीय प्रवर्तनाने नाही. तिथे काम करतं ते विद्युत क्षेत्र. लाइन आणि जमीन या एका अवाढव्य कपॅसिटरच्या दोन प्लेट समजा. ट्यूब आणि ती धरणारे तुम्ही मधे उभे आहात. ४०० केव्ही लाइनखाली जमिनीलगत विद्युत क्षेत्र मीटरला काही किलोव्होल्ट असतं. सव्वा मीटरच्या ट्यूबच्या दोन टोकांमध्ये त्यामुळे चार-पाच हजार व्होल्टचा फरक येऊ शकतो, आतला वायू आयनित होतो आणि काही मायक्रोअँपिअर प्रवाह वाहतो. एवढ्याशा प्रवाहात ट्यूबला मिळणारी शक्ती मिलिवॅटच्या घरात असते. ३६ वॅटची ट्यूब "पेटली" असं आपण म्हणतो, पण ती दिवसा दिसणारसुद्धा नाही. अंधाराला सरावलेला माणसाचा डोळा भलताच संवेदनशील आहे, सगळी करामत त्याची. असे व्हिडिओ कायम रात्रीचेच का असतात, ते आता कळलं असेल.

चुंबकीय क्षेत्र लाइनमधल्या प्रवाहावर अवलंबून असतं आणि विद्युत क्षेत्र लाइनच्या दाबावर. मध्यरात्री लाइनवरचा भार उतरला तरी ट्यूब तेवढीच उजळेल, कॉइलचा दाब मात्र पडेल. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर पुढचं सगळं गणित चुकतं.

आता कॉइलचं गणित. ४०० केव्ही लाइनच्या तारा सर्वात खाली झुकतात तिथेही जमिनीपासून जवळपास ९ मीटर वर असाव्या लागतात. नियमातला आकडा ८.८४ मीटर आहे. एका तारेतून १,००० अँपिअर वाहतात असं धरू. लांब सरळ तारेचं सूत्र लावलं तर १० मीटरवर २० मायक्रोटेस्ला येतात. पण लाइनला तीन फेज असतात, त्यांचे प्रवाह एकमेकांपासून १२० अंशांनी सरकलेले असतात आणि त्यांची क्षेत्रं एकमेकांना बरीचशी खोडतात. म्हणून १० मायक्रोटेस्ला धरू. हा आकडा चोराला थोडी सवलत देणाराच आहे. तुलनेसाठी: पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे, पण ते स्थिर असल्यामुळे प्रवर्तनाच्या कामाचं नाही.

१ चौरस मीटरची, १०० वेढ्यांची कॉइल घ्या. निर्माण होणारा दाब म्हणजे वेढे गुणिले क्षेत्रफळ गुणिले कोनीय वारंवारता गुणिले क्षेत्र. ५० हर्ट्झला कोनीय वारंवारता ३१४. गुणाकार केला की येतात ०.३ व्होल्ट. साधा एलईडीसुद्धा लागणार नाही.

इथे बरेच जण म्हणतात, "मग वेढे वाढवा की." ठीक, वाढवू, आणि कॉइलही मोठी करू. लाइनला समांतर, तिच्या बरोबर खाली, १०० मीटर लांब आणि २ मीटर उंच अशी उभी चौकट घ्या. क्षेत्रफळ २०० चौरस मीटर. एका वेढ्यात ०.६३ व्होल्ट, १०० वेढ्यांत ६३ व्होल्ट. वा, आता आकडा बरा दिसतो. पण तार किती लागली? एका वेढ्याला २०४ मीटर, म्हणजे १०० वेढ्यांना २० किलोमीटरपेक्षा जास्त. घरातल्या वायरिंगमध्ये असते तशी १ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली तर तिचा रोध सुमारे ३५० ओहम होतो. कमाल शक्ती हस्तांतरणाचा नियम आठवा: दाबाचा वर्ग भागिले चौपट रोध. उत्तर येतं २.८ वॅट.

तेही फुकट मिळत नाही. एवढ्या मोठ्या चौकटीचं स्वप्रवर्तन २ हेन्रीच्या आसपास येतं आणि ५० हर्ट्झला त्याचा अडथळा ६०० ओहमच्या पुढे, म्हणजे रोधापेक्षाही जास्त. तो खोडायला एकसरीत साधारण ५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा लागेल. योगायोगाने छताच्या पंख्याचे २.५ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर समांतर जोडले की तेवढं होतं. तर एवढं सगळं जुळवून आणल्यावर १८० किलोपेक्षा जास्त तांबं उभं करून तुम्ही एक झिरोचा एलईडी दिवा लावलात. तेच तांबं भंगारात विकलं तरी लाखाच्या वर जाईल.

आणि वेढे वाढवून काही होत नाही, हे जरा नीट बघा. तार दहापट बारीक करून वेढे १,००० केले तर दाब दहापट होतो, पण रोध शंभरपट होतो. दाबाचा वर्गही शंभरपट. म्हणजे शक्ती तेवढीच. वेढ्यांची संख्या सूत्रातून उडून जाते आणि शिल्लक राहतं ते चौकटीचं माप आणि तांब्याचं एकूण वजन. अशा अंदाजी गणितात मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग. आकड्यापेक्षा उत्तर कशावर अवलंबून *नाही* हे कळणं जास्त उपयोगाचं असतं.

५ एचपीच्या शेतीपंपाला ३.७ किलोवॅट लागतात. म्हणजे अशा १,३०० चौकटी. एकापुढे एक ठेवल्या तर पुण्याहून निघून साताऱ्याच्या पुढे पोहोचतील आणि २४० टन तांबं लागेल. त्यापेक्षा १ चौरस मीटरचं सोलर पॅनेल दुपारी बाराला २०० वॅटच्या आसपास देतं.

विद्युत क्षेत्राच्या बाजूनेही हीच गत. मीटरला ५ किलोव्होल्ट क्षेत्र असलेल्या जागी, जमिनीपासून २ मीटरवर, १०० चौरस मीटरचं पत्र्याचं छप्पर कोरड्या लाकडी खांबांवर उभं आहे असं समजा. त्यावर १० किलोव्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. आकडा भयंकर दिसतो. पण ते छप्पर जमिनीला जोडलं तर वाहणारा प्रवाह फक्त १.४ मिलिअँपिअर, आणि त्यातून जास्तीत जास्त मिळू शकणारी शक्ती ७ वॅट. अशा छपराला हात लावला तर झटका मात्र बसेल, म्हणून लाइनखालची पत्र्याची शेड, तारेचं कुंपण, द्राक्षबागेच्या मांडवाच्या तारा यांना अर्थिंग करायला सांगतात. (आंतरराष्ट्रीय आयसीएनआयआरपीची सर्वसामान्य लोकांसाठीची ५० हर्ट्झची पातळीही मीटरला ५ किलोव्होल्ट अशीच आहे, चुंबकीय क्षेत्रासाठी ती २०० मायक्रोटेस्ला आहे.)

"नाहीतरी ते क्षेत्र हवेत वाया जातंय, घेतलं थोडं तर काय बिघडलं?" हा युक्तिवाद मी एम.एस्सी. झालेल्यांकडूनही ऐकला आहे. क्षेत्र वाया जात नसतं. ५० हर्ट्झला तरंगलांबी ६,००० किलोमीटर येते. तिच्यापुढे लाइनपासूनचं १० मीटर अंतर म्हणजे काहीच नाही. तिथलं क्षेत्र रेडिओलहरीसारखं सुटून निघून जात नाही. सेकंदाला १०० वेळा त्यात ऊर्जा भरते आणि १०० वेळा लाइनमध्ये परत येते. मधे भार जोडलेली चौकट ठेवली की त्यातली थोडी परत येत नाही. चौकटीतला प्रवाह लेन्झच्या नियमाप्रमाणे लाइनमध्ये उलटा दाब प्रवर्तित करतो, लाइनला तेवढा रोध वाढल्यासारखं वाटतं आणि कुठल्यातरी औष्णिक केंद्रातलं जनित्र कणभर जास्त जोर लावतं. आपल्या चौकटीसाठी हा वाढीव रोध येतो साडेपाच मायक्रोओहम, दिव्यातले २.८ आणि तांब्यात तापून गेलेले २.८ मिळून ५.६ वॅट. त्याच लाइनची एक फेज १,००० अँपिअरला दर किलोमीटरमागे ३० किलोवॅटच्या आसपास उष्णता सोडत असते. तुमचे ५.६ वॅट त्यात कुठल्याच उपकरणाला सापडणार नाहीत. पण सापडत नाही म्हणजे घेतलं नाही, असं नव्हे.

कायद्यालाही या "घेण्या"ची अडचण झालीच होती. वीज ही उचलून नेण्याजोगी वस्तू नाही, मग तिची चोरी कशी म्हणायची? म्हणून १९१० च्या वीज कायद्यात एक कलम घालून, अप्रामाणिकपणे वीज काढून घेणं ही चोरीच मानली जाईल, असं लिहावं लागलं. आता २००३ च्या कायद्याचं १३५ वं कलम आहे: लाइनला जोडणी करणं, मीटरमध्ये फेरफार करणं, मीटर खराब करणं वगैरे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

पुढे जाण्याआधी एक सांगायलाच हवं. चौकटीतून वॅटभर शक्ती मिळते म्हणून प्रवर्तन निरुपद्रवी आहे असा अर्थ काढू नका. आपली चौकट १०० मीटरची होती. एकाच टॉवरवर दोन सर्किटं असतात आणि त्यातलं एक दुरुस्तीसाठी बंद केलेलं असतं, तेव्हा ती बंद तार शेजारच्या चालू तारेला दहा-दहा, पन्नास-पन्नास किलोमीटर समांतर जात असते. दोन्ही टोकांना स्विच उघडलेले आहेत, कागदोपत्री लाइन "डेड" आहे, आणि तारेवर काही किलोव्होल्ट उभे आहेत. शेतातल्या छपरामागे मिलिअँपिअर होता. इथे लांबीबरोबर प्रवाह वाढत जातो. घरात आपण जो आरसीसीबी लावतो तो ३० मिलिअँपिअरला पडतो, कारण त्यापुढे हृदयाला धोका सुरू होतो. म्हणून लाइनमनला शिकवलेलं असतं की उपकेंद्रातलं अर्थिंग पुरेसं नाही, जिथे काम करणार त्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग रॉड लावल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही. एकाच बाजूला अर्थ केलं तर विद्युत क्षेत्राचा प्रश्न सुटतो, पण चुंबकीय प्रवर्तनाने लांबीभर साठत गेलेला दाब दुसऱ्या टोकाला तसाच राहतो. वर दोन क्षेत्रं वेगळी ठेवा म्हटलं, त्याचं खरं मोल इथे आहे.

शॉर्टसर्किट झालं की परिस्थिती आणखी बदलते. एका फेजमधून जमिनीत हजारो अँपिअर जातात, तीन फेजची एकमेकांना खोडण्याची सोय संपते आणि समांतर जाणाऱ्या टेलिफोनच्या तारेत शेकडो व्होल्ट येऊ शकतात. यासाठी आपल्याकडे वीज आणि दूरसंचार या दोन्ही खात्यांची मिळून पीटीसीसी नावाची समन्वय समिती आहे. नवी उच्चदाब लाइन टाकताना प्रवर्तित दाबाचं गणित करून तिची मंजुरी घ्यावी लागते. साध्या टेलिफोन तारेसाठी ४३० व्होल्ट ही मर्यादा धरतात.

मग चोरी कुठे होते?

टॉवरलाइनजवळ नाही. चोरी होते ती डीपीच्या पुढे. (ज्यांनी खेडं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: वितरण रोहित्राला सगळा ग्रामीण महाराष्ट्र डीपी म्हणतो.) डीपीपासून निघालेल्या लघुदाब लाइनच्या तारा बहुतेक ठिकाणी उघड्या, फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट. त्यावर आकडा टाकायचा, की झालं. फॅरडे नको, तांबं नको, ५ एचपीचा पंप लगेच सुरू. पहिल्या पावसात तोच आकडा निसटून ओल्या बांधावर पडतो, आणि सकाळी मोटर चालू करायला येणारा माणूस बऱ्याचदा आकडा टाकणारा नसतोच.

त्यावरचे उपायही भौतिकशास्त्राचेच आहेत. एक म्हणजे उघड्या तारांऐवजी पीळ घातलेली इन्सुलेटेड एबी केबल टाकणं, म्हणजे आकड्याला पकडायला धातू मिळत नाही. दुसरा, ११ केव्हीची लाइनच शेतापर्यंत नेऊन दोन-तीन पंपांमागे एक छोटा डीपी देणं. लघुदाब लाइन जवळपास उरतच नाही आणि ११ केव्हीवर आकडा टाकायला कोणी धजत नाही. शिवाय दाब वाढला की तेवढ्याच शक्तीला प्रवाह कमी लागतो, म्हणून तारेतली उष्णताही घटते. एका दगडात दोन पक्षी, पण भांडवली खर्च मोठा.

शहरी बाजूला मीटरशी खेळ होतो, आणि इथे प्रवर्तन पुन्हा येतं, पण पोलिसाच्या बाजूने. जुन्या मीटरमधली ती फिरणारी ॲल्युमिनियमची चकती प्रवर्तनावरच चालायची: दोन कॉइलींच्या क्षेत्रामुळे तिच्यात भोवरा प्रवाह निर्माण होऊन ती फिरते आणि एक कायमचुंबक तिला ब्रेक लावतो. बाहेरून चुंबक लावून मीटर हळू करण्याचा उद्योग याच तत्त्वाचा गैरवापर होता. नव्या इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये चकती नाही, पण प्रवाह मोजायला करंट ट्रान्सफॉर्मर म्हणजे सीटी असतो. जोरदार चुंबकाने त्याचा गाभा संपृक्त होऊ शकतो, म्हणून मीटर बाहेरचं चुंबकीय क्षेत्र ओळखून तारीख-वेळेसह नोंद करतात. फेज आणि न्यूट्रल दोन्हीतला प्रवाह मोजतात आणि जो जास्त असेल त्यावर युनिट धरतात, म्हणजे न्यूट्रल सोडून अर्थवर काम चालवणारे तिथेच पकडले जातात.

एका प्रश्नाचं उत्तर यात दडलेलं आहे. वायरमनचा टाँग टेस्टर तारेला न कापता, नुसता जबडा बंद करून प्रवाह मोजतो. तेही प्रवर्तनच. मग त्याला जमतं ते आपल्या १८० किलोच्या चौकटीला का जमलं नाही? कारण त्याचा लोखंडी किंवा फेराइटचा जबडा तारेला *वेढतो*. तारेभोवतीचा जवळजवळ सगळा उपयोगी फ्लक्स त्याच्यातून जातो. आपली चौकट १० मीटर लांबून त्या फ्लक्सचा कण वेचत होती. प्रवर्तन दुबळं नाही, जोड दुबळी होती. मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये हाच नियम ९९ टक्के शक्ती पलीकडे पोहोचवतो. उच्चदाब तारेवर चिमट्यासारखा गाभा बसवून तिथल्याच सेन्सरला वीज पुरवणारी उपकरणं आज वापरात आहेत, आणि त्यांचा गाभा संपृक्त न होऊ देणं हा चांगला चालू संशोधनविषय आहे. लाइनवर कधी ५० अँपिअर असतात, कधी ५००, आणि सेन्सर दोन्ही वेळा चालला पाहिजे.

चोरी मोजायची कशी

माझ्या मते या सगळ्या विषयात पीएच.डी.च्या लायकीचा प्रश्न हा आहे. वृत्तपत्रात "गळती" म्हणून जो आकडा छापतात तो बहुधा एटीअँडसी हानीचा असतो. समजा १०० युनिट वीज आत आली, ८० युनिटचं बिल झालं आणि बिलाच्या रकमेपैकी ९० टक्के वसूल झाली. तर हाती आलं ८० चे ९० टक्के म्हणजे ७२, आणि हानी २८ टक्के. यात तारा तापून गेलेली वीज आहे, चोरी आहे, चुकीची रीडिंगं आहेत आणि लोकांनी न भरलेली बिलंही आहेत. देशपातळीवर २०२२-२३ मध्ये हा आकडा १५ टक्क्यांच्या आसपास होता. भिवंडीत २००७ च्या जानेवारीत महावितरणने वितरण टोरेंट पॉवरकडे दिलं, तेव्हा तो ५८ टक्क्यांच्या घरात होता आणि काही वर्षांत २० च्या खाली आला. पण या ५८ पैकी आकडे किती आणि तापलेल्या तारा किती, हे त्या एका आकड्यातून निघत नाही.

"त्यात काय, तांत्रिक हानी वजा करा, उरली ती चोरी!" असं वाटतं. करून बघू. एका डीपीच्या लाइनवर अधिकृत ग्राहक १०० युनिट वापरतात आणि तारेत ६ युनिट जातात. आता त्याच लाइनवर, त्याच वेळात, आकडेवाले आणखी ५० युनिट घेतात. प्रवाह दीडपट झाला, उष्णता वर्गाने वाढते, म्हणून सव्वादोनपट, म्हणजे १३.५ युनिट. डीपीच्या मीटरवर १६३.५ दिसतात, बिल १०० चं होतं. तफावत ६३.५. त्यातून "नेहमीची तांत्रिक हानी" ६ वजा केली की चोरी ५७.५ दाखवाल. प्रत्यक्षात ५० चोरले. मधले ७.५ युनिट चोराने वापरले नाहीत, पण त्याच्यामुळे तापून गेले. ते तांत्रिक म्हणायचे की अतांत्रिक? बेरीज-वजाबाकीने ही दोन खाती वेगळी होतच नाहीत. शिवाय शेवटच्या टोकाला दाब पडतो, पंप कमी दाबावर जास्त प्रवाह ओढतात, डीपी तापतो आणि ऐन रब्बीत जळतो. मग बिल भरणारे आणि न भरणारे दोघंही पंधरा दिवस अंधारात.

वर्गाचा नियम आणखी एक त्रास देतो. २४ तास १०० अँपिअर आणि १२ तास २०० अँपिअर, दोन्हींत युनिट तेवढेच. पण दुसऱ्यात तारेतली हानी दुप्पट. म्हणजे महिन्याच्या एका रीडिंगवरून तांत्रिक हानी काढताच येत नाही, प्रवाह वेळेबरोबर कसा बदलला ते लागतं. आपल्याकडे बऱ्याच शेतीपंपांना मीटरच नाही, एचपीवर बिल येतं, तिथे तर वापरसुद्धा अंदाजाचाच. त्या अंदाजात थोडं इकडचं तिकडे केलं की गळतीचा आकडा हवा तसा दाखवता येतो. पुण्याच्या प्रयास (ऊर्जा गट) या संस्थेने यावर सातत्याने लिहिलं आहे; विषय घ्यायचा असेल तर ते वाचल्याशिवाय प्रस्ताव लिहू नका.

हल्ली या क्षेत्रातले प्रस्ताव "मशीन लर्निंगने वीजचोरी ओळखणे" असे असतात आणि सारांशात "अचूकता ९० टक्के" लिहिलेलं असतं. मुलाखतीत यावर एकच प्रश्न पुरतो. १०,००० ग्राहक, त्यात २ टक्के म्हणजे २०० चोर. तुमचं मॉडेल ९० टक्के चोर पकडतं आणि ९० टक्के प्रामाणिक ग्राहकांना बरोबर सोडतं. पकडले १८० खरे. आणि ९,८०० प्रामाणिकांपैकी ९८० जण विनाकारण. पथक १,१६० घरांवर जाईल आणि सहा-सात घरांमागे एक चोर सापडेल. बाकी घरांच्या दारात शेजाऱ्यांदेखत महावितरणची जीप उभी राहिली, त्याचं काय? त्यात शिकवायचा डेटा येतो जुन्या छाप्यांतून, आणि छापे ठरावीक वस्त्यांमध्येच जास्त पडलेले असतात. अशा डेटावर बसवलेलं मॉडेल त्याच वस्त्यांचे पत्ते पुन्हा पुढे करतं. हे तपासण्यासाठी काही ग्राहक यादृच्छिक निवडून तपासावे लागतात, आणि त्याला वितरण कंपनीची परवानगी लागते. प्रस्तावात हा भाग पहिल्याच पानावर असला तर समिती मान वर करून बघेल.

सुरुवात लहान ठेवायची असेल तर एका डीपीपासून करा. डीपीच्या मीटरचा आणि त्यावरच्या सगळ्या ग्राहकांच्या स्मार्ट मीटरचा अर्ध्या तासाचा डेटा मिळाला, तर वर्गाचा नियम तुमच्या बाजूने वापरता येतो. भार जेव्हा सर्वात कमी असतो, समजा पहाटे ३ वाजता, तेव्हा तारेतली हानी जवळपास शून्याला टेकलेली असते. त्या वेळीही डीपीचं मीटर आणि ग्राहकांची बेरीज यांत मोठी तफावत दिसली, तर ती उष्णतेच्या नावावर टाकता येत नाही. मीटरची चूक किंवा चोरी, दोनच वाटा उरतात. फक्त तो डीपी शेतीचा नाही ना, हे आधी बघा. शेतीला वीज आळीपाळीने रात्रीही दिली जाते, आणि मग पहाटे ३ ही त्या लाइनची सर्वात गर्दीची वेळ असू शकते.